दोरीचं मागचं टोक

४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

फोनवर तू नुसती "हं, हं" करतेस आणि मागे तुझं टाइपिंग चालू असतं, ते मला ऐकू येतं. म्हणून पत्र. पत्राला हं म्हणून भागत नाही, उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या शिक्षण समितीची चिठ्ठी आली. महिनाअखेरीस समिती सगळ्या बालवाड्या बघणार आणि प्रत्येकीला दुसरी शिक्षिका, नीट पगार आणि धड खोली द्यायची की नाही ते ठरवणार. वर्षभर त्या कचेरीत बसून तू आमच्यासाठी घसा कोरडा केलास, असं वहिनी सांगते. तू स्वतः कधी बोलत नाहीस. दादाचं वळण आहे तुझ्यात, चांगलं काही केलं की तोंडाला कुलूप.

इथलं सगळं तुला पाठ आहे, तरी समितीला सांगायला पुन्हा लिहिते. खोली तीच, सुताराच्या कारखान्याला चिकटलेली, गोदामाजवळची. त्याचं करवतयंत्र सुरू झालं की माझी गोष्ट राक्षसापाशी अडकते आणि मुलांना वाटतं आवाज राक्षसाचाच आहे. संडास अजून रस्त्यापलीकडेच. एकाला लागली की सगळ्यांची वरात निघते, कारण बाकीच्यांना कुणाच्या भरवशावर सोडू? गाठी मारलेली आपली ती दोरी, एकेका मुलाला एकेक गाठ, पुढचं टोक माझ्या हातात. मागचं टोक लोंबतं. पाच-सहा वेळा तरी रस्ता ओलांडतो आम्ही. उरलेल्या वेळात शिक्षण.

यंदा एक नवीन पोर आहे. तिला आम्ही शिट्टी म्हणतो. चार वर्षांची झाली, अजून बोलत नाही. यंत्र सुरू झालं की किंचाळते आणि कमरेवर घेतल्याशिवाय थांबत नाही. कमरेवर असली की मात्र सगळं टिपते, मी चित्र दाखवलं की माझ्याआधी तिचं बोट तिथे पोचतं. तिची आई धुलाईच्या कारखान्यात जाते, दोन ठिकाणी नकार ऐकून माझ्याकडे आली. पण एक हात तिला दिला की बाकीच्यांना एकच उरतो. दुसरी बाई मिळाली नाही तर जूनपासून मला शिट्टीला नाही म्हणावं लागेल. ते तोंडाने कसं म्हणू, याचाच विचार डोक्यात असतो.

तेव्हा सांग, या लोकांना काय पाहायला आवडतं?

तुझी आत्या

ता. क. पुलाजवळच्या बालवाडीच्या बाईला मी म्हटलं, निदान खिडक्या तरी पुसा. म्हणाली, वेळ कुठे आहे? तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. आमची पत जाणार तिच्यामुळे.


९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हे पत्र टाइपिंग थांबवून लिहिते आहे, याची नोंद घ्यावी.

काय आवडतं ते सोड. काय दिसायला हवं ते सांगते. समितीच्या अध्यक्षबाई कडक आहेत, पण कान उघडे ठेवतात. खरी अडचण खजिनदारांची. मागून आम्ही त्यांना कात्री म्हणतो. त्यांचं ठाम मत असं की एवढ्याशा मुलांना सांभाळायचंच तर असतं, त्यात शिकवायचं काय आणि त्याला दोन-दोन माणसं कशाला. मी टिपणांवर टिपणं दिली. पहिल्या पाच-सहा वर्षांत जे राहून जातं ते पुढे भरून काढणं किती अवघड, हे लिहून लिहून माझी बोटं झिजली. ते वाचतात, मान हलवतात आणि फाइल बंद करतात. शेवटी मीच अध्यक्षबाईंना म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघा. ही भेट त्यामुळे ठरली आहे.

म्हणून आत्या, हात जोडून सांगते, काहीही आवरू नकोस. मला तू माहीत आहेस. पाहुणे यायचे म्हटलं की तू आम्हाला घड्या घालून कपाटात ठेवलं असतंस. त्या दिवशी दोरी दिसू दे, यंत्राचा आवाज होऊ दे, शिट्टी तुझ्या कमरेवर असू दे. त्यांच्या समोर कुणाला लागली तर देव पावला समज. वरात बघू दे त्यांना.

मी बरोबर येणार नाही. कचेरीतल्या माणसाने जाऊ नये असा नियम आहे.

ठकू


२४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

झाली भेट, आणि अशी झाली की विचारू नकोस.

तुझं मी ऐकलं. थोडंसं आवरलं, इतकंच. आता माणसं दारात येणार आणि ओल्या चड्ड्या खुर्चीवर वाळत घालून मी त्यांना या बसा म्हणू? सुताराने आपणहून भिंतीला रंग मारून दिला, उरलेला निळा होता त्याच्याकडे. ठोकळे, चित्रांची पुस्तकं, जमिनीवरची सतरंजी इकडून तिकडून जमवली. गल्लीतलं एक घर मागे राहिलं नाही. तुझी आई मदतीला आली होती, तिने गाणं असं म्हणून घेतलं की मीच ऐकत राहिले. सुताराने सकाळभर यंत्र बंद ठेवलं. शिट्टी त्या दिवशी आली नव्हती.

मुलं तर काय शहाण्यासारखी बसली. अध्यक्षबाईंनी प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि तुझी ती कात्री! निघताना दारात थांबून म्हणाले, "एवढ्याशा खोलीत, एवढ्याशा पैशांत हे सगळं? लोक उगाच रडत असतात." मी म्हटलं, "मनापासून करायचं झालं." खूश होऊन गेले. तू त्यांना उगाच नावं ठेवतेस.

पुलाजवळच्या बाईकडे म्हणे ते पाच मिनिटंही थांबले नाहीत. एक मूल रडत होतं, दुसऱ्याने रंग सांडला होता आणि ती बिचारी फडकं शोधत होती. मला वाईट वाटलं तिचं, पण सांगितलं होतं मी तिला.

आता दुसरी बाई कधीपासून येईल ते कळव. तिच्यासाठी खुंटी ठोकून ठेवते.

आत्या


१० मार्च

आत्या,

खुंटी ठोकू नकोस.

अहवाल आला. मीच टाइप केला, म्हणून शब्दन्शब्द लिहू शकते. "गोदामाजवळच्या बालवाडीने दाखवून दिले आहे की उणीव निधीची नसून तळमळीची आहे. सध्याच्याच खर्चात, शेजाऱ्यांच्या व स्वयंसेविकेच्या साहाय्याने तेथे आदर्श काम चालते. अन्य बालवाड्यांनी तेथे जाऊन शिकावे. वाढीव निधीची आवश्यकता दिसत नाही." खाली कात्रीची सही, इतकी मोठी की अध्यक्षबाईंना कोपऱ्यात करावी लागली.

एकट्या तुझ्या बालवाडीचं नाही हे. सगळ्यांचं. पुलाजवळची, बाजारातली, टेकडीवरची, एकीलाही दुसरी बाई नाही. वर्षभर मी जे जे लिहिलं त्या सगळ्यावर त्यांनी तुझी निळी भिंत ठेवली.

समितीपुढे आईला स्वयंसेविका म्हणून उभं केलंत, हे मला काल तिच्याकडूनच कळलं. ती मजेत सांगत होती. मला हसू आलं नाही.

एकच विचारते. शिट्टी त्या दिवशी कुठे होती?

ठकू


१४ मार्च

ठकू,

तुझ्या पत्राला आधी एक चांगलं झणझणीत उत्तर लिहिलं होतं. तू कचेरीत बसतेस, तुला काय कळतं, लोकांनी घाण बघितली असती तर खोलीच बंद केली असती, असं बरंच. ते फाडलं. काल जे झालं त्यानंतर ते पोस्टात टाकायला माझा हात धजेना.

शिट्टी घरी होती. मीच तिच्या आईला म्हटलं, उद्या हिला आणू नका, मोठी माणसं यायची आहेत. तिने का म्हणून विचारलं नाही. रजा घेऊन पोरीजवळ घरी बसली. दुसऱ्या दिवशी पोरीला सोडायला आली तेव्हा म्हणाली, "झालं ना बाई नीट? तुमची इज्जत राहिली ना?" टोमणा नव्हता गं. खरंच विचारत होती. मी तेव्हा हो म्हटलं आणि छाती फुगवून तुला पत्र लिहिलं.

ठोकळे वगैरे त्याच संध्याकाळी परत गेले. सतरंजी उचलली तेव्हा मुलं रडली. त्यांना वाटलं होतं ते सगळं त्यांचंच आहे.

आता कालचं. पुलाजवळची बाई आली. समितीने तिला लेखी कळवलंय, गोदामाजवळ जाऊन शिका म्हणून. बिचारी आपली बालवाडी एक दिवस बंद ठेवून आली, हातात वही. मी दारात तिला बघितलं तेव्हा यंत्र सुरू होतं, शिट्टी कमरेवर किंचाळत होती, एकाने चड्डी ओली केली होती आणि दुसऱ्याला तेवढ्यात लागली होती. भिंत तेवढी निळी. ती उंबऱ्यात उभी राहिली. खोलीभर नजर फिरवली. मला वाटलं आता बोलेल, आणि तिने बोलावं असं वाटत होतं, चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. तिने वही पिशवीत टाकली, मुलांना ओळीत उभं केलं आणि दोरीचं मागचं टोक धरलं.

इतकी वर्षं ते टोक लोंबतच होतं. रस्ता ओलांडताना मला पहिल्यांदा मागे वळून बघावं लागलं नाही. आणि मी वळूही शकत नव्हते, ठकू. तिच्याकडे बघायचं माझं धाडस नव्हतं.

दिवसभर थांबली ती. जाताना एवढंच म्हणाली, "माझ्यासारखंच आहे हो तुमचं." मी तिला खिडक्या पुसायला सांगितलं होतं. मला माझ्या तोंडाची लाज वाटते, हातांची वाटते, त्या भिंतीचीसुद्धा वाटते. काय करू ते सांग.

आत्या


२० मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र घेऊन मी जिन्यात जाऊन बसले होते. तुला चार शब्द सुनावायचा हक्क मला आहे असं मी समजत होते. तो नाही, ते आता सांगते.

अहवाल वाचून झाल्यावर कात्रीने मला विचारलं, "या बाईंचं आडनाव तुमचंच दिसतं. नात्यातल्या का?" मी म्हटलं, "नाही. फाइलपुरती ओळख."

नियमाच्या भीतीने म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तसं नाही. मागे एकदा सभेत ते म्हणाले होते की ज्यांना दुसरं काही जमत नाही त्या बायका बालवाडी काढतात. सगळे हसले. मीही हसले, आत्या. टिपणं लिहिताना मी बालवाडीच्या बाजूची असते, पण त्या टेबलावर मला त्यांच्यातली दिसायचं असतं. तू पसारा लपवलास, मी तुला लपवलं. तुझ्याच दोरीची गाठ धरून मी पहिल्यांदा रस्ता ओलांडला, आणि त्या माणसापुढे मला तू आठवली नाहीस.

काय करायचं म्हणतेस तर एकच वाट आहे. अहवाल नगरसभेत जाण्याआधी आठ एप्रिलला खुली सुनावणी आहे. कुणीही येऊन बोलू शकतं. बहुतेक कुणी येत नाही. तू येऊन सांगायला हवंस की त्यांनी पाहिलं ते मागून आणलेलं होतं. सगळ्यांसमोर सांगावं लागेल. ते प्रश्न विचारतील आणि गोड विचारणार नाहीत. मी कोपऱ्यात कार्यवृत्त लिहीत असेन.

नाही म्हणालीस तरी मी समजेन.

ठकू


२७ मार्च

ठकू,

तू हसलीस ते वाचून मी पत्र उपडं ठेवलं आणि मुलांना गोष्ट सांगायला गेले. लागलं मला. लागलं नाही असं लिहिलं तर ते पुन्हा आवरल्यासारखं होईल. पण तुला रागावू कोणत्या तोंडाने? एकाच माळेचे मणी आपण दोघी.

येते मी. चार माणसांत बोलायची मला सवय नाही, तरी येते. एक अडचण आहे. सुनावणी सकाळची, मुलं कुणाकडे ठेवू? वहिनी ठेवते म्हणाली. तिला म्हटलं, नको, एकदा तुझी मदत घेऊन बघितली. पुलाजवळच्या बाईची खोली आधीच भरलेली. बालवाडी बंद ठेवली तर त्यांच्या आयांनी कामावर कसं जायचं?

तेव्हा घेऊनच येते.

आत्या


९ एप्रिल

प्रिय आत्या,

काल तू मुलांना घेऊन लगेच गेलीस आणि आपलं धड बोलणं झालं नाही. तुला जे दिसलं नाही ते लिहिते.

तू दारातून आत आलीस, कमरेवर शिट्टी, हातात दोरी, तेव्हा शिपाई तुला अडवायला निघाला होता. अध्यक्षबाईंनी त्याला खुणेनं थांबवलं. तुझा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की मागच्या बाकावरचे पुढे सरकले. तू म्हणालीस, "तुम्ही बघितलंत ते खरं नव्हतं. ठोकळे शेजाऱ्यांचे, गाणं म्हणणारी माझी भावजय. ही मुलगी ओरडते म्हणून मी तिला घरी ठेवायला लावलं होतं." मी हे सगळं उतरवून घेतलं. माझं अक्षर मलाच वाचवत नाही.

मग कात्रीने विचारलं, "म्हणजे समितीला फसवलंत. का?"

तू शिट्टीला कमरेवर सावरलंस. मग म्हणालीस, "लाज वाटली. पाहुणे यायचे होते."

आणि तेवढ्यात त्या लाल शर्टवाल्या पोराने जाहीर केलं की त्याला लागली आहे. तू म्हणालीस, "माझं बोलणं राहिलंय, पण हे थांबायचं नाही," आणि सगळ्यांनी आपापल्या गाठी धरल्या. तिथे बसलेल्या एकालाही हसू आलं नाही. बाहेरचं दार जड आहे, पुढे जिना. तू पुढे गेलीस, दार मध्येच मिटलं आणि शेवटची मुलगी आतच राहिली, हातात दोरी, डोळे भरलेले.

मी लगेच उठले नाही. तेही लिहिते. मी आधी कात्रीकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. मग मी पेन ठेवलं आणि म्हटलं, "अध्यक्षबाई, ही माझी आत्या आहे. मला जायला हवं." ते म्हणाले, "मग कार्यवृत्त कोण लिहिणार?" मी दार ढकललं आणि मागचं टोक धरलं.

पुढचं तुला माहीत आहे. नगरसभेतलं बेसिनही मोठ्यांच्या उंचीचं, एकेकाला उचलून हात धुवावे लागले. आत काय चाललं होतं ते आपल्याला कळलं नाही, कारण ज्या कामासाठी आपण भांडत होतो तेच करत होतो. आज अध्यक्षबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बोलणं फारसं झालंच नाही, आम्ही तुमची वाट बघत बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, इतका वेळ लागतो? मग अध्यक्षबाईंनीच अहवाल मागे घ्यायचं सुचवलं.

निधी मिळालेला नाही. समिती पुन्हा सगळीकडे जाणार, या वेळी न कळवता, आणि जूनच्या आधी ठरवणार. माझं सगळं ठीक आहे.

ठकू


२४ एप्रिल

प्रिय ठकू,

"माझं सगळं ठीक आहे" म्हणे. तुला त्या टेबलावरून उठवून जुन्या कागदांच्या तळघरात बसवलंय, हे मला वहिनीकडून कळावं? तुलाही आवरायची खोड माझ्याकडूनच लागली बहुतेक. आता लपवाछपवी पुरे. तिथे ऊन येत नसेल, गरम कपडे ठेव.

आज ते आले.

न कळवता येणार म्हणाल्यापासून रोज सकाळी माझे हात शिवशिवायचे. चड्ड्या खुर्चीवरून उचलायच्या आणि पुन्हा तिथेच ठेवायच्या. एकदा तर खोली आवरून टाकली आणि मग बसून सगळं होतं तसं पसरलं. मुलांना वाटलं नवा खेळ आहे.

आज यंत्र नुकतंच सुरू झालं होतं. शिट्टीने कमरेवर बसून असा सूर लावला की पलीकडचा सुतार डोकावला. बाकीची मुलं ठोकळ्यांवरून भांडत होती, सुताराने उरल्यासुरल्या लाकडाचे कापून दिलेत, आमचे स्वतःचे. वर बघते तो दारात अध्यक्षबाई आणि कात्री. या म्हणायलाही माझा हात मोकळा नव्हता. कान तापले माझे. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं झालं. पण शिट्टीला खाली ठेवलं नाही.

थोड्या वेळाने वरात निघाली. पुलाजवळच्या बाईने तो दिवस घालवल्यापासून मुलांना कळलंय की मागे मोठं माणूस असतं. शेवटच्या मुलीने दोरीचं टोक सरळ कात्रीपुढे केलं. ते बघत राहिले. धरलं नाही. मीही धरा म्हटलं नाही. पण रस्ता ओलांडेपर्यंत ते मागून चालत होते, आणि एक गाडी आली तेव्हा हात आडवा करून त्यांनी ती थांबवली. परत येईपर्यंत तिथेच उभे होते. अध्यक्षबाईंनी जाताना पुलाजवळचा रस्ता विचारला. ती बाई मुळीच आवरणार नाही, हे मला ठाऊक होतं. बरं वाटलं.

काय ठरवतील ते मला कळत नाही. मागच्या वेळी मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायला गेले होते, आता नाही जात.

संध्याकाळी शिट्टीची आई आली. मी तिला समिती येऊन गेल्याचं सांगितलं. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "आधी सांगायचं ना बाई, मी हिला घरी ठेवलं असतं."

मी म्हटलं, "ती होती."

"ओरडली?"

"खूप."

"मग?"

"मग काही नाही. माझ्याकडेच होती."

ती पायरीवर बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिचे केस नीट करत राहिली. उठताना म्हणाली, "बरं झालं, बाई."

आत्या